८६ टक्के कशाचे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी १९ वर्षांचा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या संघाकडून कबड्डी खेळतो, उजवा मध्यरक्षक. दीड वर्षात उजवा खांदा दोनदा निखळला, दोन्ही वेळा साखळी करताना, म्हणजे दोघांनी हातात हात धरून चढाईपटूला अडवताना. पाच महिन्यांपूर्वी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. आता दुखत नाही, हात पूर्ण वर जातो, सलग ४० जोर मारतो. पाच आठवड्यांनी कुमार गटाची जिल्हा निवड चाचणी आहे आणि वयामुळे माझं हे शेवटचं वर्ष. फिजिओंनी यंत्रावर ताकद मोजली आणि म्हणाले, "८६ टक्के आहे, ९० झाल्याशिवाय मॅटवर उतरायचं नाही." आमचे सर म्हणतात, "चार टक्क्यांसाठी वर्ष घालवतोस का? ४० जोर मारणाऱ्याला कसलं यंत्र अडवतंय?" आप्पांचं म्हणणं, डॉक्टर सांगतील तसं. रिपोर्टचा फोटो जोडलाय. ताई, चार टक्क्यांनी खरंच एवढा फरक पडतो का?

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. निळ्या शाईत चार आकडे आहेत. हात बाहेर फिरवण्याची ताकद: उजवा १२.९ किलो, डावा १५. आत फिरवण्याची: उजवा २०.१, डावा २०. खाली '८६%' लिहून त्याला गोल केलाय. तुमच्याकडे सगळी वादावादी त्या गोलावरून चाललीय. मला मात्र उरलेल्या आकड्यांची जास्त काळजी वाटली. का, ते सांगते.

आधी तू विचारलंस त्याचं उत्तर. नुसत्या चार टक्क्यांनी फरक पडत नाही. इथे तुझ्या सरांचं बरोबर आहे. ९० ही सोयीसाठी आखलेली रेघ आहे. ८९ ला खांदा निखळतो आणि ९१ ला टिकतो असं काही नसतं. शिवाय तुझी ताकद ज्यावर मोजली ते यंत्र फिजिओ हातात धरतो, तू त्यावर दाब देतोस आणि तो तुला अडवून धरतो. त्याचा हात जरा मागे सरला, तुझं कोपर जरा अंगापासून सुटलं, आदल्या रात्री तुझी झोप झाली नाही, तरी आकडा किलोभर इकडेतिकडे होतो. १५ किलोत एक किलो म्हणजे जवळपास सात टक्के. तेव्हा आजचे ८६ आणि पुढच्या मंगळवारचे ९० हे एकाच खांद्याचे दोन दिवस असू शकतात. म्हणून चांगला फिजिओ एकदाच मोजून थांबत नाही. तीनदा मोजतो आणि दर वेळी त्याच जागी, त्याच तऱ्हेने मोजतो.

आता मी तुला विचारते. ८६ टक्के, पण कशाचे?

डाव्या हाताचे. म्हणजे डावा हात धडधाकट आहे, तोच माप, असं आपण धरून चाललोय. पण हे पाच महिने डाव्या हाताने तरी काय केलं? उजवा हात झोळीत होता तेव्हा तू ना सरावाला गेलास, ना पकडी केल्यास. पहिल्या दुखापतीपासून धरलं तर दीड वर्ष तुझा खेळ तुटक तुटकच झालाय. त्या काळात डाव्या हाताचीही ताकद उतरली असणार. किती उतरली ते कळायला मार्ग नाही, कारण दुखापतीआधी कुणी मोजलीच नव्हती. समज, चांगल्या दिवसांत तुझा डावा हात १७ किलो ढकलत होता. मग आजचे १२.९ हे त्याचे ७६ टक्के झाले. हे मी नुसतं धरून दाखवतेय, तुझा खरा आकडा हा नव्हे. पण मापच आखूड झालं असेल तर कापड पुरेसं भरतं, एवढं तुझ्या ध्यानात यावं.

(हे वाचणाऱ्या प्रशिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी, सगळी पोरं धडधाकट असताना, एकदा दोन्ही खांदे मोजून वहीत लिहून ठेवा. एका संघाला एक सकाळ पुरते. पुढे कुणाचा खांदा गेला तर त्या पानाइतकं मोलाचं काही नसतं.)

दुसरी गोष्ट, जिला कुणी गोल केला नाही. तुझ्या उजव्या खांद्याचे वरचे-खालचे आकडे एकमेकांशी ताडून बघ. बाहेर फिरवणं १२.९, आत फिरवणं २०.१. म्हणजे बाहेरची ताकद आतल्या ताकदीच्या ६४ टक्के. डावीकडे हेच प्रमाण ७५ आहे. या तऱ्हेने, हात न हलवता दाब देऊन मोजतात तेव्हा निदान ७५ तरी असावेत अशी अपेक्षा असते, आणि दुखापत होऊन गेलेल्या खांद्यात त्याहून जास्त असले तर उत्तम. तुझी आतली ताकद पूर्ण परत आलीय, बाहेरची मागे राहिलीय. याचं कारण तू पत्रात स्वतःच लिहिलंयस: ४० जोर.

जोराला मी कमी लेखत नाही. पण जोर काय वाढवतो ते बघ. छाती, खांद्याचा पुढचा भाग, दंडाची मागची बाजू. खांद्याचा सांधा म्हणजे पसरट बशीत ठेवलेलं मोठं लिंबू समज. बशी उथळ, लिंबू मोठं. एका वेळी त्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग बशीला टेकलेला असतो. म्हणूनच हात सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच निखळतोही. बशीला कूर्चेची कड असते. तुझी पुढची कड फाटली होती, ती डॉक्टरांनी शिवली. त्या कडेखेरीज लिंबू मधोमध धरून ठेवायचं काम सांध्याला बिलगलेले चार छोटे स्नायू करतात. त्यातले मागच्या बाजूचे हात बाहेर फिरवतात आणि लिंबाला पुढे घसरू देत नाहीत. जोर मारून पुढचे मोठे स्नायू दणकट झाले आणि मागचे तसेच राहिले, तर ओढ पुढेच वाढते. तुझा खांदा निखळला तो पुढेच. खांदे निखळतात त्यातले बहुतेक पुढच्याच बाजूला निखळतात.

आता मॅटवर ये. तू उजवा मध्यरक्षक, उजवा हात कोपऱ्याकडच्या गड्याच्या हातात. चढाईपटू बोनस घेतो, वळतो, मध्यरेषेकडे सुटतो. तुम्ही दोघं साखळी टाकता. तो दोघांच्या मधून घुसतो आणि छातीने साखळी फोडतो. त्या क्षणी तुझा हात कुठे असतो? खांद्याच्या उंचीला, बाजूला ताणलेला आणि मागे खेचला जाणारा. सांध्याला सगळ्यात कमी आधार याच अवस्थेत असतो, आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

रिपोर्टवर चाचणीची जागा काय लिहिलीय? 'कोपर कुशीला.' म्हणजे हात अंगाशी, कोपर वाकवलेलं, सावकाश वाढवत नेलेला दाब. सुरुवातीच्या महिन्यांत असंच मोजतात आणि ते योग्यही आहे. पण साखळीत खांदा टिकेल का, हा प्रश्न त्या चाचणीने विचारलेलाच नाही. तुझ्या फिजिओंशी माझं दुमत आहे ते इथे. अडवलं ते बरोबर केलं, पण ज्या आकड्यावर अडवलं तो आकडा पुरेसा नाही. उद्या तोच ९२ झाला म्हणून त्यांनी सोडलं असतं, तर मला जास्त भीती वाटली असती.

मग काय मोजायचं? बेन अ‍ॅशवर्थ या फिजिओने सहकाऱ्यांसोबत २०१८ साली एक चाचणी मांडली, ती मुळात रग्बीच्या खेळाडूंवर बेतलेली आहे. रग्बीतली धडक आणि आपली पकड यांत खांद्याला बसणारा हिसका बराचसा सारखा, म्हणून मला ती कबड्डीसाठी जवळची वाटते. पालथं झोपायचं, कपाळ घडीच्या टॉवेलवर. हात कोपरात सरळ. आधी डोक्याच्या वर सरळ रेषेत, मग तिरका, मग खांद्याच्या रेषेत बाजूला. प्रत्येक जागी तळहाताच्या टाचेने जमिनीवर जितका देता येईल तितका दाब द्यायचा, तीनेक सेकंद. हात लांब असल्यामुळे खांद्यावर भार कितीतरी जास्त येतो, आणि तिसऱ्या जागी तो साखळीतल्या हाताच्या बऱ्याच जवळ जातो.

मूळ चाचणीला जमिनीवर ठेवायची दाब मोजणारी महागडी फळी लागते. ती तालुक्याला मिळणार नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. डॉक्टरांकडे काट्याचं जुनं बीपी यंत्र असतं. त्याचा पट्टा गुंडाळून घडी करायची, काटा २० वर येईपर्यंत हवा भरायची, घडी तळहाताखाली ठेवायची आणि दाबायचं. काटा कुठवर गेला ते दोन्ही हातांचं लिहायचं. यात किलो कळत नाहीत, पण दर आठवड्याला तुझी तुझ्याशीच तुलना होते आणि तुला तेवढीच हवी आहे. फक्त पहिल्यांदा हे फिजिओंसमोर कर आणि त्याआधी शल्यचिकित्सकांना विचार. दाबताना खांदा पुढे सरकतोय असं वाटलं तर त्याच क्षणी थांब.

आणखी एक, ही तालमीत करता येते. जमिनीवर दोन चिकटपट्ट्या लावायच्या, मध्ये ३६ इंच अंतर. जोराच्या सुरुवातीच्या पवित्र्यात एकेक हात एकेका पट्टीवर. उजव्या हाताने डाव्या हाताला शिवायचं, हात परत जागेवर. मग डाव्याने उजव्याला. १५ सेकंदांत किती वेळा शिवलं ते मित्राने मोजायचं. मध्ये पाऊण मिनिट विसावा घेऊन तीनदा, आणि सरासरी काढायची. अमेरिकी फुटबॉल खेळणाऱ्या महाविद्यालयीन मुलांत २१ च्या खाली राहणाऱ्यांना खांद्याच्या दुखापती जास्त झालेल्या दिसल्या, तेव्हापासून २१ हा आकडा बराच वापरला जातो. कबड्डीसाठी तो दगडावरची रेघ नाही. मी आकड्यापेक्षा जास्त बघते ते हे, की ज्या क्षणी सगळा भार एकट्या उजव्या हातावर येतो तेव्हा कंबर डुगडुगते का आणि पाठीवरचं फऱ्याचं हाड बाहेर येतं का. मोबाइलवर मागून चित्रीकरण कर, तुलाच दिसेल.

आणि यातली निदान एक चाचणी सराव संपल्यावर, घामाघूम असताना कर. विसावलेल्या खांद्याची ताकद सकाळी दवाखान्यात मोजतात. साखळी मात्र दुसऱ्या डावाच्या शेवटच्या मिनिटांतही टाकावी लागते. ताजेपणी १५ देणारा खांदा दमल्यावर ११ देत असेल, तर तुझा खरा आकडा ११.

चाचण्या देऊन परतल्याने काही फायदा होतो का, असं तुझे सर विचारतील. विचारावंच. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी २०२१ साली तुझ्यासारखीच शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. ताकदीच्या आणि हालचालींच्या चाचण्या घेऊन ज्यांना सोडलं त्यांच्यात खांदा पुन्हा दगा देण्याचं प्रमाण ५ टक्के होतं, तशा चाचण्या न घेता परतलेल्यांत २२ टक्के. दोन्ही गट लहान होते आणि चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे तुला लागू होतील असं मी म्हणणार नाही. पण कल कुठे आहे ते दिसतं.

ताकद मोजून काय कळत नाही, तेही सांगते, कारण त्याबद्दल तुझ्या पत्रात एक अक्षर नाही. दोनदा निखळलेल्या खांद्यात बशीच्या कडेचं हाड झिजलेलं असू शकतं. ते स्नायूंच्या आकड्यात उतरत नाही. फ्रान्समधल्या नीसच्या शल्यचिकित्सकांनी २००७ मध्ये धोका जोखायची १० गुणांची एक मोजणी मांडली. शस्त्रक्रियेच्या वेळी वय २० किंवा कमी असेल तर २ गुण, स्पर्धात्मक खेळ असेल तर २, धडकेचा खेळ असेल तर १. उरलेले गुण हाडाच्या झिजेचे आणि सांधे सैल असण्याचे. हाडाचा फोटो न बघताच तुझे ५ झाले, आणि जोर मारून त्यातला एकही कमी होत नाही. घाबरवायला सांगत नाहीय. पुढच्या भेटीत शल्यचिकित्सकांना स्पष्ट विचार: "कडेचं हाड किती झिजलं होतं? सहा महिन्यांनी धडकेच्या खेळाला तुमची हरकत आहे का?" उत्तर कागदावर लिहून घे आणि आप्पांना सोबत ने.

मनाचंही आहे. २०२२ सालचं खांद्याच्या दुखापतींवरचं बर्न सहमतीपत्र, म्हणजे त्या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून केलेला मसुदा, परतताना सहा गोष्टी बघायला सांगतो: वेदना, हालचाल, ताकद आणि दम, पायापासून खांद्यापर्यंतचा जोड, मन, आणि प्रत्यक्ष खेळातली कृती. सहातली एकच, ताकद, तू मला मोजून पाठवलीस. तुझ्या पत्रात 'दुखत नाही' आहे, पण 'भीती वाटत नाही' हे कुठेच नाही. वाटत असेल तर ते लाजायचं कारण नाही. साखळीत हात ऐन वेळी सुटतो तो पुष्कळदा भीतीने सुटतो, आणि मग अर्धवट पकडीतच खांद्याला सगळ्यात वाईट हिसका बसतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक कोपरारक्षक यायचा. शस्त्रक्रियेला सहा महिने झाले, हात छान फिरत होता, दुखत नव्हतं. कॅलेंडर बघून मी त्याला सोडलं. तिसऱ्या सामन्यात त्याचा खांदा पुन्हा निखळला. त्याची आई दवाखान्यात आली, काही बोलली नाही, पिशवीतून जुनी फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. त्या फाइलमध्ये मी ताकदीचा एकही आकडा लिहिलेला नव्हता. त्या दिवसापासून मी तारीख बघून कुणाला सोडत नाही. टक्केवारीचा एक आकडा बघूनही सोडत नाही.

आता तुझे पाच आठवडे. तुला वाटतंय की आजच ठरवायचंय, खेळायचं की घरी बसायचं. आज काहीच ठरवू नकोस. निवड चाचणीच्या दिवशी तुझ्या शस्त्रक्रियेला सहा महिने उलटून गेलेले असतील, आणि धडकेच्या खेळात परतण्याचा विचार साधारण त्याच सुमाराला सुरू होतो. म्हणजे दार बंद नाही, उघडं आहे असंही नाही. निर्णयाचा दिवस चाचणीच्या एक आठवडा आधीचा ठेव. त्या दिवशी काय बघायचं ते मात्र आजच, तू, फिजिओ, सर आणि आप्पा चौघांनी बसून एका कागदावर लिहा. ऐन वेळी ठरवायला गेलं की मोह जिंकतो, हे तुलाही ठाऊक आहे.

मी फिजिओंच्या जागी असते तर त्या कागदावर लिहिलं असतं: शल्यचिकित्सकांची हरकत नाही. उजवीकडचं बाहेर-आतचं प्रमाण ७५ च्या पुढे. हात खांद्याच्या उंचीला ठेवून मोजलेली ताकदही डाव्याच्या जवळ, आणि दमल्यावरही फारशी न ढळणारी. निदान दोन आठवडे पूर्ण ताकदीचा सराव, त्यात साखळीवर खऱ्या धडका, आणि दुसऱ्या दिवशी खांदा कुरकुरला नाही. शेवटचं तू स्वतः सांगायचंस: चढाईपटू अंगावर येताना डोक्यात खांदा येतो की पकड येते. सगळं जमलं तर जा. एखादी गोष्ट थोडक्यात हुकली तर चर्चा करा. दोन-तीन हुकल्या तर यंदा नाही.

तोवर ४० जोरांचे २० कर आणि उरलेला वेळ मागच्या स्नायूंना दे. रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून हात बाहेर फिरवणं, आधी कोपर कुशीला, मग फिजिओंच्या परवानगीने खांद्याच्या उंचीला. पालथं झोपून हलक्या वजनाने हात उचलणं. ओढण्याचे व्यायाम ढकलण्याच्या दुप्पट. प्रामाणिकपणे सांगते, चार-पाच आठवड्यांत ताकद वाढते पण चमत्कार होत नाही. ६४ चे ७० होतील, कदाचित ७५. काहींचे होत नाहीत.

चढाईपटू म्हणून चाचणी देतो, साखळी टाळतो, असं डोक्यात येत असेल तर ते काढून टाक. चढाईत हात पुढे टाकलास की तोच हात पकडला जातो. कबड्डीत खांद्याला सुरक्षित जागा नाही.

सरांशी भांडू नकोस. त्यांनी तुला घडवलंय आणि शेवटच्या वर्षाची तळमळ तुझ्याइतकीच त्यांना आहे. त्यांना हे चार आकडे दाखव आणि सरावात धडका टप्प्याटप्प्याने वाढवायची जबाबदारी त्यांच्याकडे दे. ते काम फिजिओला जमत नाही, ते सरांचंच आहे. कुमार गट हुकला तर वाईट वाटेल, मी ते हसण्यावारी नेत नाही. पण खुल्या गटाला वयाची ही अट नाही, आणि तिसऱ्यांदा निखळलेला खांदा घेऊन खुल्या गटात उतरणं फार अवघड असतं.

जलद गोलंदाज, खो-खोत सूर मारणारी मुलं, मल्लखांब करणाऱ्या मुली, ज्यांचा ज्यांचा खांदा गेलाय त्यांनी हाच प्रश्न आपापल्या खेळाला लावून बघा. कोणत्या क्षणी, हात कोणत्या जागी असताना खांदा गेला होता? तुमच्या रिपोर्टमध्ये त्या जागी मोजलेला आकडा आहे का? गोलंदाजाला तर डाव्या-उजव्याची बरोबरीही पुरत नाही, कारण चेंडू टाकणारा हात मुळातच दुसऱ्यापेक्षा बलवान असायला हवा.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा मोजून मला आकडे पाठव. चारही पाठव, टक्केवारी मी काढेन. यंत्र तेच असू दे, मोजणारा तोच असू दे आणि डाव्या हाताला सूट देऊ नकोस, त्यालाही पूर्ण जोर लावायला सांग.